फोटो एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर निवडावं? व्यावसायिक छायाचित्रकार होऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक पाठ



दिवाळीच्या सुट्टीत माझा एक माजी विद्यार्थी घरी आला होता. बारावीनंतर त्यानं लग्नाचे फोटो काढायला सुरुवात केली. हात चांगला आहे, नजरही चांगली आहे. पण त्या दिवशी चेहरा पडलेला होता. म्हणाला, "सर, मागच्या लगीनसराईत एक घोटाळा झाला. मित्राकडून पेनड्राइव्हवर आणलेलं क्रॅक सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यातून व्हायरस आला आणि सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या. पुढच्या ऑर्डरसाठी कार्डं फॉरमॅट केली होती. एका घरचे हळदीचे फोटो कायमचे गेले. ॲडव्हान्स तर परत केलाच, पण त्या मुलीच्या आजीचे शेवटचे फोटो त्यात होते, ते कुठून आणणार?"

थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. मग त्यानं विचारलं, "आता वडिलांनी थोडे पैसे दिलेत. सांगा सर, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?"

मी त्याला लगेच नाव सांगितलं नाही. कागद घेतला आणि म्हटलं, "आधी तू काम काय करतोस ते लिही. नाव शेवटी." आमचं जे बोलणं झालं तेच आज पाठाच्या रूपात मांडतो आहे. मुद्दा एकच लक्षात ठेवा : सॉफ्टवेअर नावावरून नाही, आपल्या कामावरून निवडायचं.

१. एडिटिंग म्हणजे नेमकं काय?

बऱ्याच जणांना वाटतं की एडिटिंग म्हणजे फोटो 'बनवणं', म्हणजे खोटेपणा. तसं नाही. फिल्मच्या काळातही फोटो कॅमेऱ्यात पूर्ण होत नसे. डार्करूममध्ये फिल्म धुवायची, कागदावर कमीजास्त प्रकाश देऊन चेहरा उजळायचा किंवा आकाश गडद करायचं, हे रोजचं काम होतं. जुन्या स्टुडिओतले कारागीर निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग झाकत. आज तेच काम संगणकावर होतं.

आता कॅमेरा फोटो दोन प्रकारे साठवतो. पहिला प्रकार जेपेग. यात कॅमेराच रंग, उजेड, धार ठरवतो आणि फाइल लहान करून देतो. दुसरा प्रकार रॉ. यात सेन्सरनं टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी असते. फरक आकड्यात पाहा. जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच १६,३८४ असतात. म्हणून मांडवातल्या अंधारात काळवंडलेला चेहरा रॉमधून बराच वर काढता येतो. जेपेगमध्ये तसं करायला गेलं की रंग फाटतात, डाग दिसू लागतात.

सोप्या भाषेत सांगायचं तर रॉ म्हणजे मळलेली कणीक आणि जेपेग म्हणजे भाजलेली पोळी. कणकेचं अजून काहीही करता येतं, पोळीचं फार तर तूप लावता येतं! व्यवसाय करायचा तर रॉवर काम करायला शिकावंच लागतं, आणि म्हणून सॉफ्टवेअरचा प्रश्न येतो.

२. सॉफ्टवेअरचे दोन गट

नावं ऐकून गोंधळ होतो, कारण दोन वेगळ्या कामांची सॉफ्टवेअर आपण एकाच रांगेत उभी करतो.

पहिला गट : रॉ धुणारी आणि फोटो सांभाळणारी. शेकडो फोटो एकदम आत घ्यायचे, चांगले निवडायचे, वाईट बाजूला काढायचे, एका फोटोवर केलेली दुरुस्ती शंभर फोटोंना लावायची. मूळ फाइलला इथं धक्का लागत नाही. केलेल्या बदलांची फक्त नोंद वेगळी ठेवली जाते. लाइटरूम क्लासिक, कॅप्चर वन, डार्कटेबल, रॉथेरपी ही या गटातली.

दुसरा गट : एकेका फोटोवर बारीक काम करणारी. लेयर चढवणं, मागची विजेची तार काढणं, दोन फोटोंमधले चेहरे एकत्र करणं, अल्बमचं पान मांडणं. फोटोशॉप, अफिनिटी, गिम्प ही या गटातली.

दोन दिवसांच्या लग्नाचे २,५०० फोटो कुणी दुसऱ्या गटातल्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक उघडत बसला, तर त्याची पुढची तारीख हुकलीच म्हणून समजा. हिशोब करा. निवडलेले ६०० फोटो, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे ३० तास. तेच एका मिनिटावर आणलं तर १० तास. हे वाचलेले २० तास म्हणजे तुमची कमाई.

३. आधी आपलं काम ओळखा

लग्न-समारंभ : इथं संख्या मोठी आणि उजेड फसवा. मांडवात जांभळे-निळे एलईडी, वर पिवळे दिवे, त्यात व्हिडिओवाल्याचा पांढरा लाइट. हळदीच्या फोटोत तर सगळीकडे पिवळा रंग असतो. कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स तो पिवळा 'सुधारायला' जातो आणि हळदीची शोभाच घालवतो. नवरीचा लाल शालू असेल तर लाल रंग इतका भडकतो की जरीची वीण दिसेनाशी होते. म्हणून इथं पहिल्या गटाचं सॉफ्टवेअर हवंच. अल्बमचं काम मात्र दुसऱ्या गटाचं. आपल्याकडे १२×३६ इंची अल्बमची तयार पानं बहुतेक पीएसडी फाइलमध्ये मिळतात, म्हणजे फोटोशॉपच्या स्वरूपात. अल्बम स्वतः करणार की डिझायनरकडे देणार, हे आधी ठरवा. अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

गावातला स्टुडिओ : पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो, जुन्या फोटोंची दुरुस्ती. इथं संख्या कमी, पण गिऱ्हाईक समोर उभं. ४×६ इंची कागदावर ३५×४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसवायचे, पार्श्वभूमी पांढरी करायची, पाच मिनिटांत हातात द्यायचं. दुसऱ्या गटातलं एक साधं सॉफ्टवेअर इथं पुरतं.

वस्तूंचे आणि फॅशनचे फोटो : कॅमेरा वायरनं संगणकाला जोडून काम चालतं, फोटो काढला की गिऱ्हाइकाला मोठ्या पडद्यावर लगेच दिसतो. रंगही बिनचूक लागतो. साडी ऑनलाइन विकणाऱ्याची मोरपंखी साडी फोटोत निळी दिसली तर ती परत येणार. या कामात कॅप्चर वनचं नाव आहे.

बातमीचे फोटो : इथं एडिटिंग जितकं कमी तितकं बरं. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या आधीच्या फेरीत पोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के फोटो फेरफारामुळे बाद झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉयटर्सनं आपल्या स्वतंत्र छायाचित्रकारांना कळवलं की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातच तयार झालेलं जेपेग पाठवा. कातरणं, उजेड थोडा नीट करणं एवढं चालतं. एखादी वस्तू पुसून टाकली तर बातमीदार म्हणून असलेला विश्वासच पुसला जातो.

४. प्रमुख सॉफ्टवेअरची ओळख

फोटोशॉप : थॉमस नॉल आणि जॉन नॉल या दोन भावांनी १९८७ पासून लिहिलेलं हे सॉफ्टवेअर अडोबी कंपनीनं फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणलं. बारीक रिटचिंग आणि अल्बम डिझाइनमध्ये याचाच दबदबा आहे. दुसऱ्याच्या स्टुडिओत किंवा लॅबमध्ये नोकरी करायची असेल तर हे येतं का, असं विचारलंच जातं. पूर्वी एकदा पैसे भरून ते विकत मिळे. २०१३ पासून अडोबीनं मासिक-वार्षिक वर्गणीची पद्धत आणली.

लाइटरूम : हेही अडोबीचंच, २००७ चं. २०१७ पासून त्याचे दोन प्रकार झाले. 'क्लासिक' प्रकारात फोटो आपल्याच हार्ड डिस्कवर राहतात. दुसरा प्रकार फोटो इंटरनेटवर चढवून चालतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ एमबी धरली तर २,५०० फोटो म्हणजे ६२ जीबी झाले. गावाकडच्या नेटवर हे चढवायला बसलात तर वरात निघून जाईल! लग्नवाल्यांनी क्लासिकच बघावं.

कॅप्चर वन : डेन्मार्कमध्ये तयार झालेलं. रंगांवर बारीक ताबा आणि वायर जोडून काम, ही त्याची ताकद. किंमत जास्त आहे. सुरुवात करणाऱ्यानं उगाच हट्ट धरू नये.

अफिनिटी : फोटोशॉपसारखं काम करणारं. पूर्वी एकदाच पैसे भरून मिळायचं. २०२४ मध्ये कॅनव्हानं ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून हे मोफत केलं. खातं उघडावं लागतं, आणि एआयच्या सोयींना पैसे पडतात. ज्यांना वर्गणी जड जाते त्यांनी हे जरूर पाहावं.

गिम्प : १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, पूर्णपणे मोफत आणि मुक्त. मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. लेयर, मास्क, क्लोन सगळं आहे. पीएसडी फाइल उघडते, पण तिच्यातले सगळे इफेक्ट जसेच्या तसे येतील असं नाही.

डार्कटेबल आणि रॉथेरपी : रॉ धुण्यासाठी मोफत आणि मुक्त. डार्कटेबल सुरुवातीला किचकट वाटतं, बटणांची गर्दी दिसते. पंधरा दिवस चिकाटी धरली की हात बसतो.

कॅमेऱ्यासोबतची सॉफ्टवेअर : हे मात्र बहुतेक जण विसरतात. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज ही त्या-त्या कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. स्वतःच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल ती नीट उघडतात. एक पैसाही न घालता रॉ म्हणजे काय हे शिकायचं असेल तर पहिली शाळा हीच.

मोबाइलवर स्नॅपसीड : मोफत. जवळ अजून संगणकच नाही अशा मुलांनी याच्यावर कर्व्ह, व्हाइट बॅलन्स, क्रॉप यांचा सराव करावा. शिकलेलं वाया जात नाही, कारण हीच नावं पुढं सगळीकडे भेटतात.

५. खर्चाचं गणित

किमती बदलत राहतात, म्हणून इथं आकडा देत नाही. आज कंपनीच्या पानावर जाऊन पाहा. पण गणित कसं करायचं ते सांगतो.

समजा वर्गणी महिना ८०० रुपये आहे. वर्षाचे झाले ९,६००. तीन वर्षांचे २८,८००. आता स्वतःला विचारा, वर्षात माझ्या हातात किती ऑर्डरी आहेत? वीस असतील तर एका ऑर्डरवर ४८० रुपये पडले. हे परवडतं. दोनच असतील तर एका ऑर्डरवर ४,८०० पडले. मग मोफत सॉफ्टवेअरवर वर्ष काढणं शहाणपणाचं. आमच्याकडे म्हणतात ना, अंथरूण पाहून पाय पसरावे.

दुसरी गोष्ट, सॉफ्टवेअर एकटं येत नाही. जुना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर महागडं सॉफ्टवेअर त्याच्यावर रडत चालेल. १६ जीबी रॅम आणि एसएसडी हे आधी. काही वेळा वर्गणीच्या पैशात रॅम वाढवून मोफत सॉफ्टवेअर वापरणं जास्त फायद्याचं ठरतं.

तिसरी गोष्ट, सोडून जाताना काय होईल? वर्गणी थांबली तर लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो पाहता येतात, बाहेर काढता येतात, पण दुरुस्तीचा विभाग बंद होतो. तसंच एका सॉफ्टवेअरमध्ये केलेली दुरुस्ती दुसऱ्यात जशीच्या तशी दिसत नाही. म्हणून काम पूर्ण झालं की शेवटचे फोटो जेपेगमध्ये, आणि महत्त्वाचे टिफमध्ये, काढून ठेवायचेच.

६. चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल

"सर, सगळेच वापरतात," हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. माझ्या विद्यार्थ्याचं काय झालं ते वर वाचलंत. त्याशिवाय दोन गोष्टी.

एक, कायदा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे माहीत असूनही चोरीची प्रत संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे. व्यवसायासाठी वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. आणि लक्षात घ्या, छायाचित्रांना संरक्षण देणाराही हाच कायदा आहे. उद्या आपला फोटो कुणी न विचारता फ्लेक्सवर छापला तर आपण कोणत्या तोंडानं बोलणार?

दोन, व्यवहार. क्रॅक केलेली आवृत्ती जुनी असते. जुनं सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल ओळखत नाही. (अशी अडचण कायदेशीर पण जुन्या आवृत्तीत आली तर अडोबीचं मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरून फाइल डीएनजी स्वरूपात बदलून घेता येते.)

७. घरी करून पाहायची परीक्षा

पैसे भरायच्या आधी ही परीक्षा नक्की घ्या. पैसे पडणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरना काही दिवसांची मोफत चाचणी असते. ती सुरू करायच्या आधी स्वतः काढलेले २० रॉ फोटो तयार ठेवा, म्हणजे दिवस वाया जाणार नाहीत. त्यात हे असू द्या :

• हळदीचा किंवा पिवळ्या उजेडातला एक फोटो
• लाल शालू किंवा जरीकाठाचं वस्त्र
• रात्रीच्या वरातीचा, जास्त आयएसओवर काढलेला दाणेदार फोटो
• सावळा आणि गोरा असे दोन चेहरे एकत्र असलेला फोटो
• उन्हातला, अर्धं तोंड सावलीत असलेला फोटो

मग घड्याळ लावा आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हेच २० फोटो करा. किती वेळ लागला? जरीची वीण परत आली का? दाणे कमी करताना चेहरा मेणाचा तर झाला नाही ना? एकाची दुरुस्ती दुसऱ्याला किती क्लिकमध्ये लागली? लॅपटॉप अडकला का? उत्तरं वहीत लिहा. शेवटी दोन-तीन फोटो लॅबमधून छापून आणा आणि पडद्याशेजारी धरून बघा. पडद्याचा उजेड फार वाढवलेला असेल तर प्रिंट काळी येते, हे तेव्हाच कळतं. लॅबला कोणती कलर प्रोफाइल लागते तेही विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी एसआरजीबी मागतात.

त्या दोन चेहऱ्यांच्या फोटोबद्दल एक शब्द. गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "जरा गोरी करा हो." सॉफ्टवेअरमध्ये ते एका स्लायडरवर होतं. पण सावळी मुलगी सावळीच छान दिसेल असा उजेड साधणं, हे छायाचित्रकाराचं काम आहे. डोळ्यांतलं तेज वाढवा, चेहऱ्यावरची काळी सावली उचला, रंग मात्र तिचा तिलाच राहू द्या. वीस वर्षांनी तिची मुलगी अल्बम उघडेल तेव्हा तिला तिची आई दिसली पाहिजे.

८. सॉफ्टवेअरपेक्षा मोठी सवय

सॉफ्टवेअर कोणतंही असो, मूळ फाइल सांभाळणं हे पहिलं कर्तव्य. नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, म्हणजे मामाच्या घरी ठेवलेली हार्ड डिस्कसुद्धा चालेल. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत प्रती पुसायच्या नाहीत, आणि दोन ठिकाणी उतरवून, उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. जादा कार्डाला पैसे लागतात हे खरं. पण गेलेला क्षण कुठल्याच दुकानात मिळत नाही.

समारोप

त्या दिवशी कागदावर आमचा हिशोब असा निघाला. माझ्या विद्यार्थ्याकडे वर्षाला सात-आठ ऑर्डरी. अल्बम तो तालुक्यातल्या डिझायनरकडूनच करून घेतो, म्हणजे फोटोशॉपची त्याला आज गरजच नाही. त्याला हवं होतं ते रॉ धुणारं, झपाट्यानं चालणारं साधन. त्यानं डार्कटेबलवर सराव करायचं ठरवलं, आणि वडिलांनी दिलेल्या पैशातून दोन हार्ड डिस्क, दोन जादा कार्डं आणि लॅपटॉपची रॅम घेतली. ऑर्डरी पंधराच्या वर गेल्या की लाइटरूमची चाचणी घेऊन, घड्याळ लावून, मग वर्गणीचं बघायचं असं ठरलं. जाताना म्हणाला, "सर, मी सॉफ्टवेअर विचारायला आलो होतो आणि हार्ड डिस्क घेऊन चाललो." मी म्हटलं, "बरोबरच आहे रे. आता झोप लागेल तुला."

तुमचं उत्तर त्याच्यापेक्षा वेगळं असू शकतं. नोकरी करायची असेल तर फोटोशॉप आधी शिकावं लागेल, वस्तूंचे फोटो काढणार असाल तर कॅप्चर वन. पण प्रश्न विचारायचा क्रम तोच : काम कोणतं, फोटो किती, यंत्र कसं, पैसे किती, आणि शेवटी नाव.

स्वाध्याय

१. रॉ आणि जेपेग यांतला फरक स्वतःच्या शब्दांत, पाच ओळींत लिहा.
२. एकाच जागेचा फोटो रॉ आणि जेपेग दोन्हीत काढा. दोन्हींचा उजेड सारखाच वाढवून काय फरक दिसतो ते नोंदवा.
३. तुमच्या गावातल्या एका स्टुडिओवाल्या काकांना भेटा. ते कोणतं सॉफ्टवेअर वापरतात आणि का, ते विचारून लिहा. जुन्या काळी निगेटिव्हवर रिटचिंग कसं करत, हेही जरूर विचारा.
४. स्वतःच्या (किंवा कल्पनेतल्या) व्यवसायासाठी वर्षाच्या ऑर्डरी धरून एका ऑर्डरमागे सॉफ्टवेअरचा खर्च काढा.